हिरव्या उजेडाचा धनी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी नात आमच्याकडे राहायला आली ती प्लॅस्टिकच्या चांदण्यांचे एक पाकीट घेऊनच. त्या छताला चिकटवून द्यायचे काम अर्थातच माझ्याकडे आले. वयाला न शोभणारी कसरत करीत मी स्टुलावर चढलो, तीसेक चांदण्या आणि एक चंद्रकोर चिकटवली. रात्री दिवा मालवला, आणि सगळी खोली हिरवट चांदण्याने भरून गेली. आजोबा, रेडियमच्या चांदण्या बघा, असे म्हणून ती टाळ्या पिटू लागली.

त्या एका शब्दापाशी मी अडकलो. रेडियम हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे, की तो मराठीच वाटावा. एसटी स्टँडबाहेर दर चार दुकानांत एक पाटी रेडियम आर्टची असते. गाडीच्या नंबरप्लेटवर, मालमोटारीच्या पाठीवर, रिक्षाच्या काचेवर आपण रेडियम लावून घेतो. यातल्या कशातही रेडियमचा कणसुद्धा नसतो. दुकानातले रेडियम म्हणजे उजेड परतवणारा चिकट कागद. नातीच्या चांदण्यांत दिवसाचा उजेड साठवून रात्री सोडणारी एक निरुपद्रवी पूड असते. मग हा शब्द आपल्या तोंडी आला कुठून? तो आला घड्याळातून.

आमच्या घरीही तसे एक घड्याळ होते, अजून आहे. आजोबा रेल्वेत होते. रात्रपाळीला उठायला म्हणून त्यांनी मुंबईहून एक विलायती गजराचे घड्याळ आणले होते. त्याच्या काट्यांना आणि आकड्यांना रेडियम होते. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडे माजघरात ओळीने झोपायचो, आणि कोनाड्यात ते बारा हिरवे आकडे काजव्यांसारखे तरंगत असायचे. भुताची गोष्ट ऐकून झोप उडाली की मी त्या आकड्यांकडे बघत पडायचो. मी कॉलेजात जाईपर्यंत तो उजेड पार मावळला. आकड्यांवर आता तपकिरी, वाळलेल्या हळदीसारखा रंग तेवढा उरला आहे.

चांदण्यांच्या निमित्ताने मी ते घड्याळ कपाटातून काढले आणि भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका मित्राला दाखवले. तो दुसऱ्या दिवशी एक छोटे यंत्र घेऊन आला आणि काचेजवळ धरले. यंत्र टकटक करू लागले, पत्र्यावर पावसाचे टपोरे थेंब पडावेत तसे. मी चक्रावलो. उजेड तर पन्नास वर्षांपूर्वीच गेला होता! मित्र म्हणाला, उजेड जस्ताचा होता, तो गेला. रेडियम होते तिथेच आहे. मग त्याने डॉ. साबिन फॉन सोखोत्स्की हे नाव सांगितले. एके काळी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकलेला हा माणूस. पुढचे दोन महिने मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत होतो. आजचा लेख त्या वाचनातून आला आहे.

आधी थोडे जस्ताविषयी, कारण त्याशिवाय या माणसाचे कर्तृत्व कळायचे नाही. जस्त आणि गंधक यांच्या संयोगातून जे पांढरे चूर्ण होते ते झिंक सल्फाइड. १८६६ साली पॅरिसमध्ये थिओडोर सिदो नावाच्या रसायनज्ञाने ते भट्टीत कडक तापवले, तेव्हा त्याचे जे स्फटिक झाले ते उजेडातून अंधारात नेल्यावरही चमकत राहिले. पुढची कित्येक वर्षे ही प्रयोगशाळेतली गंमतच राहिली. १९०३ साली इंग्लंडमध्ये सर विल्यम क्रुक्स यांच्या हातून रेडियमच्या क्षाराचा एक कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर सांडला. रेडियम इतके महाग, की तो कण शोधायला त्यांनी भिंग घेतले. भिंगातून पाहतात तो पडदा एकसारखा चमकत नव्हता. त्यावर असंख्य ठिणग्या क्षणात उठत आणि विझत होत्या. रेडियममधून सुटणारा एकेक कण स्फटिकावर आदळला, की एक ठिणगी. पुढे मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत अंधारात बसून याच ठिणग्या मोजल्या गेल्या, आणि त्या मोजणीतून अणूच्या पोटातले केंद्रक सापडले.

या दोन वस्तू एकत्र कालवल्या तर न विझणारा उजेड मिळेल, ही कल्पनाही सोखोत्स्कींच्या आधीची. विल्यम हॅमर या अमेरिकन अभियंत्याने क्यूरी दांपत्याकडून थोडे रेडियम आणून तसा रंग विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीच करून पाहिला होता. त्याचा धंदा केला तो सोखोत्स्कींनी.

त्यांचा जन्म १८८३ सालचा, आज युक्रेनमध्ये मोडणाऱ्या आणि तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असलेल्या मुलखातला. युरोपात ते डॉक्टर झाले आणि पंचविशीच्या आसपास अमेरिकेत आले. रुग्ण तपासत बसण्यात त्यांचे मन रमले नसावे. रेडियमने त्या पिढीला वेडच लावले होते. कर्करोगाच्या गाठीवर त्याचा उपयोग होतो हे दिसून आले होते, आणि तेवढ्यावरून रेडियमचे पाणी, रेडियमचे मलम, रेडियमची पावडर असा बाजार सुरू झाला होता. सोखोत्स्की या वेडात आकंठ बुडाले, पण त्यांच्याकडे नुसते वेड नव्हते, हातही होता. १९१३ च्या सुमारास त्यांनी आपला चमकणारा रंग सिद्ध केला.

ही कृती सांगायला सोपी आणि करायला महाकठीण. जस्ताच्या क्षाराच्या द्रावणातून हायड्रोजन सल्फाइड सोडायचा, म्हणजे कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा तो वायू. तळाशी पांढरा साका बसतो. तो धुऊन, वाळवून घ्यायचा. नुसता हा साका चमकत नाही. त्यात तांबे घालायचे, आणि तेही किती, तर दहा हजार भागांत जेमतेम एखादा भाग. थोडे मिठासारखे क्षार मिसळून हे सगळे मुशीत भरायचे आणि हजार अंशांच्या वर, हवा लागू न देता भाजायचे. त्या आचेत तांब्याचे अणू जस्ताच्या स्फटिकात शिरून बसतात, आणि हिरवा उजेड तिथून येतो. तांब्याऐवजी चांदी घातली तर उजेड निळा मिळतो. जुन्या रंगीत टीव्हीच्या काचेवरचा निळा ठिपका तो हाच. पण लोखंडाचा, निकेलचा किंवा कोबाल्टचा लवलेश जरी शिरला तरी खेळ खलास. दुधाच्या पातेल्यात मिठाचा खडा पडावा तसा सगळा घाणा नासतो. भाजलेली पूड जोर लावून कुटायचीही सोय नाही. खलात रगडली की स्फटिक मोडतात आणि उजेड मंदावतो. हलक्या हाताने सुटी करून ती चाळावी लागते. आपल्याकडे अनारशाचे पीठ ज्यांनी केले आहे त्यांना ही माया समजेल.

अशा पुडीच्या हजारो भागांत एक भाग रेडियमचा क्षार मिसळला, की रंग तयार. दिवसाचा उजेड नको, बॅटरी नको, तो आपला रात्रंदिवस चमकत राहतो. रेडियम मात्र सोन्याहून किती पटींनी महाग! १९२१ साली अमेरिकन महिलांनी वर्गणी काढून मादाम क्यूरींना एक ग्रॅम रेडियम भेट दिले, त्यासाठी एक लाख डॉलर गोळा करावे लागले होते. एका ग्रॅमसाठी शेकडो टन खनिज उपसावे लागे.

सोखोत्स्कींनी जॉर्ज विलिस या दुसऱ्या डॉक्टरांना जोडीला घेऊन १९१४ साली कंपनी काढली. १९१७ मध्ये न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावात कारखाना उभा राहिला. कोलोरॅडो आणि युटामधून येणारे खनिज तिथे रोज अर्धा टन या हिशेबाने गाळले जाई. रंगाचे नाव ठेवले अनडार्क, म्हणजे अंधार नाहीसा करणारा. त्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली. खंदकातल्या शिपायाला काडी न ओढता वेळ कळायला हवी होती, विमानातल्या वैमानिकाला अंधारात उंची दिसायला हवी होती. मागणी अशी वाढली की पुरवता पुरवेना.

घड्याळांच्या तबकड्या रंगवायला मुली ठेवल्या. सोळा-सतरा वर्षांच्या, काही त्याहूनही लहान. कामाला प्रतिष्ठा होती, उजेडाची स्वच्छ खोली होती आणि एका तबकडीमागे दीड सेंट मिळत असे. हात बसलेली मुलगी दिवसाला अडीचशे तबकड्या करी. पुडीत पाणी आणि डिंक कालवून रंग त्या स्वतःच करीत. आकडे बारीक असल्याने ब्रशाचे टोक सुईसारखे लागे. ते ओठांत धरून टोकदार करायचे, रंगात बुडवायचे, रंगवायचे, की पुन्हा ओठांत. चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी काढणाऱ्यांची ही जुनी पद्धत. ब्रश पाण्यात धुतला तर मोलाचे रेडियम पाण्याबरोबर जाते, ओठांत धरला तर जात नाही, असा त्यामागचा हिशेब होता. ते कुठे जाते याचा हिशेब मांडलेला नव्हता. संध्याकाळी त्या घरी निघाल्या की त्यांचे केस, कपडे अंधारात चमकत. नाचाला जायचे असेल त्या दिवशी काही जणी मुद्दाम ठेवणीतला पोशाख घालून कामावर येत. कुणी गंमत म्हणून नखे रंगवी, कुणी दात.

मी हे वाचत असताना सारखा विचार करत होतो, की भिंतीपलीकडे बसलेल्या डॉक्टरांना हे दिसत नव्हते का?

त्याचे उत्तर सरळ नाही. रेडियम भाजते हे सोखोत्स्कींना इतर कुणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते. त्यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीत रेडियमचा कण शिरला, तेव्हा तो पसरू नये म्हणून त्यांनी बोटाचे टोक स्वतःच छाटून टाकले होते. कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना शिशाचे ॲप्रन होते, रेडियम उचलायला चिमटे होते. आणि तरीही हाच माणूस रेडियमच्या नळ्या उघड्या हातात धरून अंधारात त्यांची प्रभा न्याहाळत बसे, द्रावणात कोपरापर्यंत हात घाली. आपल्या अंगावर येणारा धोका त्यांनी शौकासारखा बाळगला होता. तो दुसऱ्याच्याही अंगावर येऊ शकतो, आणि त्या दुसऱ्याला त्याची कल्पनाही नाही, हे त्यांच्या मनात कधी ठळक झालेले दिसत नाही. निदान तेव्हा तरी. शिवाय मुलींच्या तोंडात जाणारे रेडियम मात्रेने अगदी थोडे होते. भाजते ते पुष्कळ रेडियम, थोडे असेल तर ते औषध, ही त्या काळची समजूत होती, आणि ती डॉक्टरांचीही होती.

ग्रेस फ्रायर ही त्या मुलींपैकी एक. १९१७ साली अठराव्या वर्षी ती कामाला लागली. तिने पुढे सांगितले, की एकदा डॉक्टर रंगकामाच्या खोलीतून जाताना तिच्याजवळ थांबले आणि ब्रश तोंडात घालू नकोस, त्याने आजारी पडशील असे तिला म्हणाले. तिने घाबरून बाईंना विचारले. बाईंनी यात काही नाही म्हणून सांगितले. डॉक्टर पुढे निघून गेले होते. या एका क्षणापाशी मी पुन:पुन्हा येऊन थांबलो. ते तिथेच उभे राहिले असते, त्या खोलीतले सगळे ब्रश त्यांनी खाली ठेवायला लावले असते, तर? कंपनीचे अध्यक्ष होते ते.

१९२१ साली एका मासिकात त्यांचा लेख आला. रेडियमने उजळलेल्या घरांचे स्वप्न त्यांनी त्यात रंगवले होते. ते हौशी चित्रकारही होते. दिवसा साधी दिसणारी आणि रात्री आपल्याच उजेडाने प्रकाशणारी चित्रे या रंगाने काढता येतील, असे त्यांनी मोठ्या उमाळ्याने लिहिले. खनिज गाळून उरलेली वाळू तेव्हा शाळांना आणि खेळाच्या मैदानांना विकली जात असे. मुलांचे हात चुरचुरतात अशी तक्रार आली, तेव्हा ही वाळू नामांकित औषधी चिखलाहूनही गुणकारी आहे अशी ग्वाही डॉक्टरांनीच दिली. लबाडी म्हणावी, तर जे ते दुसऱ्यांना देत होते ते स्वतः त्याच्या शंभरपट घेत होते. लबाड माणूस एवढे करत नाही.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भागीदारीच्या राजकारणात त्यांना अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. आर्थर रोडर नावाचे गृहस्थ त्या जागी आले आणि कंपनीचे नाव युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन झाले. सोखोत्स्की बाहेर पडले. आणि मग मुली आजारी पडू लागल्या.

पहिली मॉली मॅगिया. दातदुखीपासून सुरुवात झाली. एक दात काढला, जखम भरेना; दुसरा काढला, तीच गत. बघता बघता जबड्याचे हाड ठिसूळ होऊन गेले. १९२२ च्या सप्टेंबरात ती वारली तेव्हा चोवीस वर्षांची होती. दाखल्यावर कारण लिहिले गेले ते गुप्तरोगाचे, म्हणजे मेल्यावरही बदनामी. तिच्या मागोमाग इतर जणींचे दात, पाठ, कंबर दुखू लागली. कंपनीने हार्वर्डच्या तज्ज्ञांकडून पाहणी करवून घेतली. धुळीने माखलेल्या मुली अंधारात चमकताना आणि त्यांचे रक्त बिघडलेले त्या तज्ज्ञांना आढळले. तो अहवाल कंपनीने दाबून ठेवला आणि सरकारला वेगळेच कळवले.

१९२५ साली हॅरिसन मार्टलंड या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्रकरण हाती घेतले. त्यांच्यापुढे अडचण अशी, की जिवंत माणसाच्या शरीरात रेडियम आहे हे सिद्ध कसे करायचे? तशी चाचणीच अस्तित्वात नव्हती. ती चाचणी बसवायला त्यांच्या मदतीला कोण आले, तर सोखोत्स्की. रेडियमचा स्वभाव त्यांना पाठ होता. रेडियममधून रेडॉन नावाचा वायू सुटतो. म्हणजे हाडात रेडियम असेल, तर माणसाच्या श्वासातून रेडॉन बाहेर पडलाच पाहिजे. मुलींनी नळीतून श्वास सोडायचा, आणि तो मोजणीच्या यंत्रात जायचा. कॅल्शियमशी रेडियमचे रासायनिक सख्य आहे. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात नेऊन ठेवते. आणि झिंक सल्फाइडवर ज्या ठिणग्या उठत, तेच कण हाडाच्या आत सुटत राहतात, वर्षानुवर्षे. १९२५ च्या जूनमध्ये वारलेल्या सारा मेलफर या रंगकाम करणाऱ्या बाईची हाडे मार्टलंडनी अंधाऱ्या खोलीत फोटोच्या फिल्मवर ठेवली, तर फिल्मवर त्यांची छबी उमटली.

याच दिवसांत डॉक्टरांनी स्वतःचाही श्वास यंत्रात सोडला. आजवर तपासलेल्या सगळ्यांत जास्त किरणोत्सर्ग त्यांच्या श्वासात निघाला.

त्या वेळी त्यांच्या मनात काय आले असेल, याची नोंद नाही. स्वतः बसवलेल्या चाचणीने स्वतःचा निकाल सांगितला. एवढे मात्र दिसते, की ते पळाले नाहीत. ते मार्टलंडबरोबर काम करीत राहिले, मुलींना तपासत राहिले. ग्रेस फ्रायरने त्यांना तोंडावर विचारले, तुम्ही आम्हाला सांगितले का नाही? आपल्याला कल्पना होती, आपण कंपनीतल्या इतरांना बोललो होतो, पण मुलींचे काम ज्यांच्या हाती होते त्यांनी ऐकले नाही, असे त्यांनी उत्तर दिले.

१९२७ साली रेमंड बेरी या तरुण वकिलाने पाच जणींचा दावा उभा केला: ग्रेस फ्रायर, कॅथरीन शॉब, एडना हसमन आणि मॉलीच्या दोन बहिणी, क्विंटा व अल्बिना. दोन वर्षांची मुदत उलटून गेली, हा कंपनीचा पहिला बचाव. त्या ऑक्टोबरात मॉलीचे थडगे उघडण्यात आले. पाच वर्षांनंतरही तिच्या हाडांत रेडियम होते. गुप्तरोगाचा मागमूस नव्हता. बहिणींच्या जिवाला तेवढाच दिलासा.

१९२८ च्या वसंतात सोखोत्स्की साक्षीला उभे राहिले. मुलींची सगळी भिस्त त्यांच्यावर होती. आणि इथे हा माणूस कचरला. ग्रेसला दिलेल्या इशाऱ्याविषयी विचारल्यावर त्यांनी स्पष्ट होकार दिला नाही; शक्य आहे, पण नक्की आठवत नाही, असा सूर लावला. तेव्हा रेडियमच्या धोक्याची आपल्याला जाणीव होती, हे खासगीत दिलेले उत्तर त्यांनी न्यायालयात दिले नाही. का? ते कबूल करणे म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत हे सगळे होऊ दिले असे म्हणणे, म्हणून असेल. मला त्यांचा राग आला, हे मी लपवत नाही. चाचणी बसवण्याचे धैर्य असलेल्या माणसाला दोन वाक्ये बोलण्याचे धैर्य नसावे? पण राग फार वेळ टिकला नाही. कठड्यात उभे राहून आपल्याविरुद्ध साक्ष द्यायची पाळी आपल्यावर येत नाही, म्हणून आपण हे प्रश्न विचारू शकतो.

खटला सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलला गेला. मुलींपैकी काही तोवर जगतील की नाही याचीच शंका होती. वर्तमानपत्रे खवळली. अखेर ४ जूनला तडजोड झाली: प्रत्येकीला दहा हजार डॉलर रोख, वर्षाला सहाशे डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. क्विंटा पुढच्याच वर्षाच्या अखेरीस गेली, कॅथरीन आणि ग्रेस १९३३ मध्ये.

सोखोत्स्की त्यांच्याही आधी गेले. त्यांचे दात गेले होते, हातांची दशा झाली होती. शरीरात नवे रक्तच तयार होईनासे झाले. मित्रांनी रक्त दिले, पण भरलेले रक्त किती दिवस पुरणार? १४ नोव्हेंबर १९२८ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. पुढे १९३४ साली मादाम क्यूरी वारल्या त्या रक्ताच्या अशाच विकाराने.

कारखाना बंद पडला, पण ती वाळू ऑरेंज आणि आसपासच्या गावांत घरांच्या पायांत, अंगणांत मुरली होती. १९८० नंतर अमेरिकन सरकारला शेकडो घरांभोवतालची माती उपसून न्यावी लागली. ब्रश ओठांत धरणे बंद झाले, कामगारांचे श्वास नियमाने तपासले जाऊ लागले. शरीरात किती रेडियम चालेल याची पहिली मर्यादा ठरली ती याच मुलींच्या मोजमापांवरून, म्हणजे सोखोत्स्की आणि मार्टलंड यांनी सुरू केलेल्या चाचणीवरून. रेडियमची घड्याळे मात्र १९६० च्या दशकापर्यंत बनत राहिली. आजोबांचे त्यातलेच एक.

ते विझले का, तेही मित्राने समजावून सांगितले. रेडियम निम्मे व्हायला सोळाशे वर्षे लागतात, तेव्हा ते संपण्याचा प्रश्नच नाही. पण त्याच्यातून सुटणारा प्रत्येक कण झिंक सल्फाइडचा स्फटिक थोडा मोडून जातो. ज्याच्यामुळे तो उजळतो, त्याच्याच माराने तो काही वर्षांत निकामी होतो. काच शाबूत आहे तोवर घाबरण्याचे कारण नाही, फक्त घड्याळ उघडू नये, खरवडू नये, उशाशी ठेवू नये, असे त्याने बजावले. घड्याळ दुरुस्तीला नेण्याचा माझा बेत होता, तो अर्थातच रद्द केला.

रात्री नातीला मी ही गोष्ट सांगितली. मुलींच्या दुखण्याचा भाग गाळून. तिने विचारले, त्या डॉक्टरांना माहीत होते ना, मग त्यांनी सगळ्यांना मोठ्याने का नाही सांगितले? मी छताकडे बघत राहिलो. चांदण्या तोवर मंद होत आल्या होत्या. ती उत्तराची वाट बघता बघता झोपी गेली. सकाळी मी ते घड्याळ बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवले, डब्याला दोरी बांधली, आणि वर ठळक अक्षरांत कागद चिकटवला: आत रेडियम आहे, उघडू नये. डबा माळ्यावर आहे. घरातल्या सगळ्यांना बोलावून तो दाखवला आहे, धुणेभांडी करणाऱ्या बाईंनासुद्धा.